बदलापूर गावचे स्वच्छ रिपोर्ट

लघवी हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा तोंडाने म्हणते आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. बाकीच्यांना वाटते. बायका 'ते' म्हणतात, पुरुष 'युरिन' म्हणतात, म्हणजे इंग्रजीत म्हटलं की वास येत नाही. आमच्या शेजारची चिमी मला विचारायची, असलं काम करून तुला जेवण कसं जातं गं? मी म्हणायचे, झकास जातं, ये एकदा लॅबमध्ये डबा घेऊन. अशी मी फटकळ. पण त्या वर्षी हे तोंड नको तिथे चाललं, आणि ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

साल दोन हजार सात. अंबरनाथ पूर्वेला एका ट्रस्टचा दवाखाना होता, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत लॅब, आणि त्या लॅबची टेक्निशियन मी, माया. तिथले कमळाकर डॉक्टर एक अभ्यास करत होते. गरोदर बाईला लघवीचं इन्फेक्शन झालं तर पुष्कळदा तिला कळतच नाही. जळजळ नाही, ताप नाही, सगळं ठीक. मग एक दिवस ते मूत्रपिंडापर्यंत चढतं, थंडी वाजून ताप येतो आणि मूल दिवस भरायच्या आधीच बाहेर पडतं. हे आधी पकडता येतं, आणि साध्या सवयींनी टाळताही येतं का, ते डॉक्टरांना बघायचं होतं. विठ्ठलवाडीच्या तीस गरोदर बायकांची दर महिन्याला लघवी तपासायची, एक बाळंत झाली की तिच्या जागी दुसरी घ्यायची. बदलापूर गावातल्या तीस जणींची तपासायची आणि शिवाय त्यांना शिकवायचं, की पाणी भरपूर प्या, दाबून धरू नका, धुताना पुढून मागे धुवा. इन्फेक्शन सापडलं तर दोन्हीकडे लगेच औषध. शिकवायचं काम माझं, बाटल्या गोळा करायचं माझं आणि तपासायचंही माझंच.

नियम असा होता की बाईने दवाखान्यात येऊन नर्सच्या देखरेखीत बाटली भरायची. विठ्ठलवाडीच्या बायका येत होत्या. बदलापूर गावच्या येईनात. कुणाची भाताची कामं, कुणाचा नवरा पाठवत नाही, कुणाला रिक्षात बसलं की उलटी होते. दोन महिन्यांत तिसातल्या चार आल्या. मी डॉक्टरांना म्हटलं, सर, सोडा तो नियम, मी घरोघरी जाऊन आणते. ते कचरत होते. मी ऐकते का? मी म्हटलं, बायकांना बायका कळतात, तुम्ही निर्धास्त राहा.

आणि खरंच, महिन्याच्या ठरलेल्या सोमवारी सकाळी स्कूटी घेऊन गावात गेलं की अकरा वाजेपर्यंत माझ्या खोक्यात तीसच्या तीस बाटल्या यायला लागल्या. याचं निम्मं श्रेय पुतळाबाईंचं. साठीची बाई, रुंद हाडापेराची, काष्ट्याचं लुगडं, आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाची कोंबडी उठून पळावी. त्यांची सून करिष्मा आमच्या अभ्यासात होती. बावीस वर्षांची, हसरी, दहावी झालेली. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि पुतळाबाई तिला डोळ्यांत तेल घालून जपत होत्या. मी सांगितलं पाणी प्या, तर ही सासू तांब्या घेऊन सुनेसमोर उभी, रिकामा होईपर्यंत हलायची नाही. गल्लीतल्या बाकीच्या सासवांनाही त्यांनीच पटवलं. पहिल्या सोमवारी कुणी बाटली द्यायला तयार नव्हतं, दुसऱ्या सोमवारी पुतळाबाई घरोघर फिरल्या आणि सगळ्यांनी दिल्या. मी दवाखान्यात येऊन फुशारकी मारली, बघा सर, याला म्हणतात ओळख.

आता प्लेटचं सांगते, कारण पुढे ते लागेल. लघवीचा थेंब जंतूंचं खाद्य घातलेल्या एका निळसर हिरव्या प्लेटवर पसरायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचा. जंतू असले की सकाळी प्लेट पिवळी पडते. नसले की हिरवी राहते, आणि रिपोर्टवर मी लिहायची, 'नो ग्रोथ'. विठ्ठलवाडीच्या तिसांत दर महिन्याला तीन-चार पिवळ्या निघायच्या. बदलापूर गावच्या आधी एक, मग एकही नाही. पाच महिने हिरव्यागार.

कमळाकर डॉक्टर हरखून गेले. नुसतं पाणी पाजून आणि चार गोष्टी समजावून एवढा फरक! पुण्याला एक परिषद होती, तिथे वाचायचा निबंध ते लिहायला बसले. त्यात माझंही नाव घालणार होते. मला काय, आभाळ ठेंगणं झालं. एकदा मात्र त्यांनी चष्मा काढून विचारलं होतं, "माया, बाटल्या नीट येतात ना? एवढं स्वच्छ मी कधी बघितलेलं नाही."

मी चिडले. माझ्या हातांनी आणते सर, म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, मी नळाचं पाणी भरते? ते सॉरी म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही मधूनच काहीतरी खुपायचं. हिरव्या प्लेटा ओळीने मांडलेल्या बघितल्या की बरं वाटायच्या ऐवजी मी त्या पुन्हा एकदा उजेडात धरून बघायची. पण आपलं कौतुक चाललेलं असताना कोण खोलात जातं? मीही गेले नाही.

सप्टेंबरचा महिना. करिष्माला सातवा लागला होता. सोमवारी तिची बाटली आली, बुधवारी मी रिपोर्ट लिहिला, नो ग्रोथ. गुरुवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा, हरिचंद्रचा, फोन आला. तो अंबरनाथच्या एका कारखान्यात होता, तिथल्या फोनवरून बोलत होता, मागे मशीनचा आवाज. म्हणाला, करिष्माला कालपासून थंडी वाजतेय, अंग तापलंय, कंबर खूप दुखतेय, काय करू? दवाखान्यात आणू का?

रिपोर्ट माझ्या समोरच होता. मी म्हटलं, "अरे, हिचा रिपोर्ट कालच आलाय, एकदम स्वच्छ. व्हायरल असेल, सगळीकडे साथ आहे. तापाची गोळी दे आणि सोमवारी शिकवायला मी येतेच आहे."

डॉक्टर पलीकडच्या खोलीत बसले होते. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. हरिचंद्रचा आवाज लगेच मोकळा झाला, थँक्यू ताई म्हणाला आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात गरोदरपणाच्या तपासणीच्या नव्या पट्ट्या आल्या. लघवीचे थेंब टाकले की दिवस गेलेल्या बाईच्या दोन रेघा उमटतात, नसलेल्या बाईची एक. नवं खोकं फोडलं की आधी एक पट्टी नक्की गरोदर बाईच्या लघवीवर लावून बघायची आणि एक नक्की नसलेलीच्या, म्हणजे माल बरोबर आहे का ते कळतं. नसलेली मी होतेच. नक्की गरोदर म्हणून मी फ्रिज उघडला आणि हाताला आली ती बाटली काढली. अभ्यासाच्या बाटल्या आठवडाभर जपून ठेवायचा आमचा नियम होता. नाव वाचलं, करिष्मा. सात महिने, याहून नक्की काय हवं?

एकच रेघ आली.

मी कंपनीला शिवी घातली. दुसरी पट्टी लावली, एकच रेघ. कधी कधी दिवस जास्त झाले की उलटं दाखवतं, म्हणून पाणी घालून पातळ करून लावली. तरी एकच. मग विठ्ठलवाडीच्या एका बाईची बाटली घेतली, तिच्यावर लखलखीत दोन रेघा. म्हणजे पट्ट्या चांगल्या होत्या. पहिला विचार आला तो हा की करिष्माचं मूल पोटातच गेलं. पण मूल गेलं तरी दोन दिवसांत रेघ पुसली जात नाही, हे मला माहीत होतं, आणि ते आठवल्यावर आणखी भीती वाटली. मी बदलापूर गावचा अख्खा ट्रे बाहेर काढला आणि एकेक पट्टी लावत गेले. तिसांपैकी चार जणींच्या दोन रेघा आल्या. सव्वीस बाटल्यांत गरोदर बाईची लघवीच नव्हती.

मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी टेबलावर मांडलेल्या पट्ट्या बघितल्या आणि खुर्चीत बसले. निबंधाचं त्यांच्या मनातही आलं नसेल, माझ्या तर नाहीच. मी फक्त एवढंच म्हटलं, सर, करिष्माला तीन दिवस ताप आहे आणि मी तिला घरी ठेवलंय. ते म्हणाले, जा, आत्ता जा, मी गाडी पाठवतो मागून.

अंबरनाथहून बदलापूर स्कूटीवर कितीसं आहे, पण त्या दिवशी रस्ता संपेना. करिष्मा आतल्या खोलीत गोधडीत गुरफटून पडली होती. ओठ सुकलेले, डोळे लाल, हात लावला तर चटका बसावा असं अंग. पोट मधूनमधून कडक होतंय म्हणाली. पुतळाबाई उशाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, रिपोर्ट चांगला हाय ना, मंग मी भ्याले नाय.

मी तिथेच उभी राहून विचारलं, "पुतळाबाई, बाटलीत कुणाची लघवी होती?"

त्यांनी सुनेकडे बघितलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"माझी," त्या म्हणाल्या.

कुठल्या महिन्यात, असं विचारलं तर पाचही महिने. आणि बाकीच्या घरांतून? आधी दवाखान्यात आलेल्या त्या चौघी सोडल्या तर सगळ्या सासवांनी आपापली दिली होती. एका घरात सासू नव्हती, तर तिथे दिराने भरली होती. माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. अक्कल काढली, वय काढलं, शेवटी ओरडले, कशासाठी, कशासाठी असं करायचं? पुतळाबाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, लहान पोराला समजावतात तसं. पोटुशी बाईची नखं, केस, अंगातलं पाणी घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नसतं. कुणाच्या हाती पडेल, कोण त्यावर काय करणी करील, कसं कळणार? आणि हे त्या ऐकीव बोलत नव्हत्या.

"पयल्या खेपेला हिची लगवी नेली व्हती तपासाला," त्या म्हणाल्या. "चवथ्या दिसाला पोर गेला. मंग तूच सांग बाय, परत कशी देऊ?"

मी विचारलं, त्या तपासणीचा रिपोर्ट काय आला होता?

"रिपोर्ट आनलाच नाय. पोर गेल्यावं रिपोर्ट कशाला आनायचा?"

माझ्या वडिलांसमोर करणी हा शब्द काढला तर ते ताटावरून उठून जायचे. असल्या घरात मी वाढलेली. एवढी मी शहाणी, आणि पाच महिने या बाईच्या हातचा चहा पीत होते, पण बाटली देताना सून कधी समोर का नसते हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आपण लाजऱ्या बायकांचा मान राखतो, असं मी समजत होते.

डॉक्टरांची गाडी आली. करिष्माला आम्ही उल्हासनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बघताच इंजेक्शन काढायला सांगितलं, पण त्याआधी नळी घालून लघवी घ्यायची होती, कुठला जंतू आहे आणि कुठल्या औषधाने मरेल ते कळायला. नर्स बाटली घेऊन आली आणि पुतळाबाई पलंगासमोर आडव्या आल्या. हरिचंद्र म्हणाला, आई, बाजूला सर. त्या सरल्या नाहीत. करिष्मा कुडकुडत होती, दात वाजत होते, आणि तीसुद्धा म्हणाली, ताई, माझी नका नेऊ ना.

तेव्हा मी पुतळाबाईंचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "ही बाटली मी माझ्या हाताने नेईन. दुसरं कुणी शिवणार नाही. यामुळे काही वाईट झालं तर मला धरा."

त्यांनी माझ्या हातांतून आपले हात सोडवून घेतले. मग बाजूला झाल्या.

बाटली मी पदराखाली झाकून अंबरनाथला आणली. गढूळ होती, ताकाच्या निवळीसारखी. संध्याकाळी प्लेटवर पसरली. शनिवारी सकाळी उघडली तर या काठापासून त्या काठापर्यंत पिवळी. पाच महिन्यांत न दिसलेलं सगळं एका प्लेटवर होतं. मग औषधांच्या टिकल्या मांडून दुसरी लावली. ज्या औषधाला जंतू मरतो त्या टिकलीभोवती रिकामं वर्तुळ पडतं. नऊ टिकल्यांपैकी सातांभोवती काहीच वर्तुळ नव्हतं, जंतू अगदी टिकलीला चिकटून वाढले होते. मे महिन्यात पकडला असता तर कदाचित साध्या गोळीने गेला असता. कदाचित. मला तेही धडपणे म्हणता येत नाही, कारण मे महिन्यातल्या बाटलीत पुतळाबाईंची लघवी होती.

शनिवारी दुपारी करिष्मा बाळंत झाली. मुलगी. पावणेदोन पौंड म्हणजे काय, दोन तळहातांत मावेल. काचेच्या पेटीत ठेवली होती, मी बघून आले. रविवारी सकाळी मी उरलेल्या दोन औषधांचं नाव घेऊन धावत गेले. त्यांनी लगेच इंजेक्शन बदललं आणि दोन दिवसांत करिष्माचा ताप उतरला. ती वाचली. मुलगी मात्र मी पोचायच्या तासभर आधीच गेली होती.

पुढे दहा दिवसांनी मी बदलापूर गावात गेले. डॉक्टरांनी परिषदेचा निबंध मागे घेतला होता, आणि गावातल्या सगळ्या बायकांची नव्याने, दवाखान्यात आणून तपासणी करायचं ठरलं होतं. ते सांगायला मी गेले होते. खरं म्हणजे शिव्या खायला गेले होते. त्यांनी मला दाराबाहेर काढलं असतं तर बरं वाटलं असतं. गुरुवारचा तो फोन मी डॉक्टरांशिवाय कुणाला सांगितला नव्हता, आणि हरिचंद्रनेही तो कधी काढला नाही.

ओटीवर आठ-नऊ बायका बसल्या होत्या, गल्लीतल्या, बऱ्याच जणी पोटुशा. करिष्मा भिंतीला टेकून बसली होती, छातीला घट्ट कापड बांधलेलं, दूध आटावं म्हणून. पुतळाबाईंनी मला पाट दिला, चहा दिला. मी सगळं बोलले. जंतू म्हणजे काय, तो कुठून चढतो, पहिलं मूल बहुतेक यानेच गेलं, तो रिपोर्ट आणला असता तर त्यात लिहिलेलं सापडलं असतं. लघवी नेल्याने मूल गेलं नाही, लघवी न दिल्याने गेलं. फोनचंही सांगितलं. म्हटलं, चूक माझीही आहे, मी तिला आणखी एक दिवस घरी ठेवायला लावलं. मी रडत नाही कुणासमोर, पण तिथे रडले.

पुतळाबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं. त्यांच्या आवाजात राग नावालाही नव्हता.

"पाच म्हयने माझी दिली," त्या म्हणाल्या. "पाची म्हयने पोटात नीट व्हता. तुझा मन राखला, हिची दिली, तिसऱ्या दिसाला गेला. तू म्हनलीस मना धरा. मी नाय धरत तुला, बाय. तुला तरी कुठं ठावूक व्हता?"

ताप तर बाटलीच्या आधीपासून होता, हे मला सांगायचं होतं, आणि मी सांगितलंही, दोनदा सांगितलं. पुतळाबाई मान डोलावत राहिल्या, वेड्या माणसाचं मन राखावं तशा. करिष्माकडे बघितलं, म्हटलं, तू तर शिकलेली आहेस, तू सांग यांना.

करिष्मा खाली बघून म्हणाली, "ताई, पुढच्या खेपेला मी नाही देणार."

मला राग यायला हवा होता, नेहमी येतो. त्या दिवशी नुसती भीती वाटली. त्या बायकांपैकी सहा जणी आमच्या अभ्यासात होत्या, कुणाला पाचवा, कुणाला सहावा, एकीला आठवा, आणि त्या सहाही जणी माझ्याकडे न बघता करिष्माकडे बघत होत्या.